दोर कोणाच्या हाती?

(एका अभ्यासमंडळापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकाने मुलांच्या चित्रकथांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. म्हणून माझी भूमिका प्रारंभीच सांगतो. जी वस्तू दहा सेंट मोजून लक्षावधी माणसे महिन्यामागून महिने विकत घेत असत, ती अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने क्षुल्लक मानता कामा नये. तिच्यामागे भांडवल असते, मजुरी असते, मालकीहक्क असतो. आणि माणसाने कसे जगावे याविषयीचा एक विचारही तिच्या पोटात दडलेला असतो. विद्यापीठातील ग्रंथ शेकडा एक माणूस वाचतो. स्वस्त कागदावर छापलेली रंगीत चित्रकथा मात्र शाळकरी पोराच्या दप्तरातून थेट त्याच्या मनात जाऊन बसते.

हे ज्याने ओळखले आणि ओळखून वापरले, तो विल्यम मोल्टन मार्स्टन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. ‘वंडर वूमन’ ही जगप्रसिद्ध वीरांगना त्याने १९४१ मध्ये निर्माण केली. खोटे बोलणे पकडू पाहणाऱ्या यंत्राचा, ज्याला आपण लाय डिटेक्टर म्हणतो त्याचा, शास्त्रीय पाया घालणाऱ्यांतही हाच गृहस्थ होता. त्याचे आयुष्य मोठे विलक्षण होते आणि ते रंगवून सांगण्याचा मोह पुष्कळांना झाला आहे. मला त्यात वेगळ्याच गोष्टीचे कुतूहल आहे. परिवर्तनाच्या प्रत्येक चळवळीला छळणारा एक प्रश्न या आयुष्यात उघडावाघडा दिसतो. सत्ता ज्याच्या हाती आहे तो माणूस बदलला म्हणजे पुरे, की सत्तेचे स्वरूपच बदलावे लागते? मार्स्टनने या प्रश्नाचे उत्तर ठामपणे दिले. ते का अपुरे ठरले, हे मी आपल्यापुढे मांडणार आहे.

मार्स्टनचा जन्म ९ मे १८९३ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. १९११ मध्ये तो हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला. त्याच वर्षी डिसेंबरात ब्रिटनमधील स्त्री-मताधिकाराच्या लढाऊ नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांना तेथील विद्यार्थ्यांनी भाषणासाठी बोलावले आणि विद्यापीठाने त्यांना आपल्या आवारातील सभागृह नाकारले. अखेर जवळच्याच एका दुसऱ्या सभागृहात त्यांचे भाषण झाले. स्त्रीला मत मागण्याचा अधिकार आहे की नाही, एवढेच नव्हे, तर तिला बोलू द्यावे की नाही, यावर जेथे वाद चालला होता अशा वातावरणात हा तरुण वाढला. त्याने १९१५ मध्ये पदवी घेतली, १९१८ मध्ये कायद्याची परीक्षा दिली आणि १९२१ मध्ये मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत त्याचे प्रारंभीचे शिक्षण झाले.

१९१५ मध्ये त्याचा विवाह एलिझाबेथ होलोवे हिच्याशी झाला. तीही कायद्याची आणि मानसशास्त्राची विद्यार्थिनी होती. हार्वर्डची कायद्याची शाळा त्या काळी स्त्रियांना घेत नसे, म्हणून ती बॉस्टन विद्यापीठातून वकील झाली. आपण रागावलो किंवा उत्तेजित झालो की आपला रक्तदाब चढतो, हे तिने मार्स्टनच्या ध्यानात आणून दिले असे सांगितले जाते. खोटे बोलणाऱ्याचाही रक्तदाब वाढत असला पाहिजे, या तर्कावर मार्स्टनने प्रयोग केले आणि त्यांचे निष्कर्ष १९१७ मध्ये एका मान्यवर मानसशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या निबंधावर नाव त्याचे एकट्याचे होते. पुढे कॅलिफोर्नियात जॉन लार्सन याने १९२१ मध्ये रक्तदाबाबरोबर श्वासाचीही नोंद करणारे यंत्र तयार केले आणि आज आपण पाहतो त्या पॉलिग्राफचा प्रवास सुरू झाला.

या शोधाची पहिली मोठी कसोटी न्यायालयात लागली. वॉशिंग्टन शहरात एका डॉक्टरच्या खुनाबद्दल जेम्स फ्राय नावाच्या कृष्णवर्णीय तरुणावर खटला चालला. त्याने आधी गुन्हा कबूल केला आणि नंतर कबुली मागे घेतली. मार्स्टनने १९२२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याची चाचणी घेतली आणि तो निर्दोष असल्याचे सांगताना खरे बोलत आहे, असा निर्वाळा दिला. न्यायाधीशाने हा पुरावा ऐकण्याचेही नाकारले. डिसेंबर १९२३ मध्ये वरच्या न्यायालयाने तो नकार कायम केला आणि त्या त्या शास्त्राच्या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मान्य झालेले तंत्रच पुराव्यासाठी ग्राह्य धरता येईल, असा दंडक घालून दिला. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत १९९३ पर्यंत या दंडकाचा प्रभाव राहिला आणि काही राज्यांत तो आजही पाळला जातो. कायद्याच्या पुस्तकात फ्रायचे नाव अमर झाले. फ्राय स्वतः मात्र सुमारे १८ वर्षे तुरुंगात होता.

मार्स्टनला आपले यंत्र निरपराध माणसाच्या बचावासाठी वापरायचे होते, हे येथे नमूद केले पाहिजे. परंतु यंत्र ज्याच्या हाती जाते त्याच्या हिताने ते चालते. पुढील काही दशकांत अमेरिकेतील दुकानदार, बँका आणि कारखानदार यांनी आपल्याच नोकरांना या यंत्रापुढे बसवण्यास सुरुवात केली. गल्ल्यातील पैसे कोणी उचलले, नोकरीच्या अर्जात कोणी काय लपवले, हे विचारण्याचे ते साधन बनले. मालकाने नोकराची चाचणी घ्यावी. नोकराने मालकाची घेतल्याचे ऐकिवात नाही. अखेर १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेसला कायदा करून बहुतेक खाजगी मालकांना अशी सक्ती करण्यास मनाई करावी लागली. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नोकरवर्गाची सरसकट छाननी करण्याच्या कामी हे यंत्र विश्वासार्ह नसल्याचे स्पष्ट केले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात असा निर्णय दिला की, संमतीवाचून केलेली पॉलिग्राफ चाचणी हा स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करण्याचाच प्रकार होय आणि आपल्या राज्यघटनेला तो मंजूर नाही. सत्य बळाने बाहेर काढता येईल, ही कल्पनाच मुळात लोकशाहीशी विसंगत आहे, असा याचा अर्थ मी घेतो.

आता मार्स्टनच्या विचारांकडे वळू. १९२८ मध्ये त्याने सामान्य माणसांच्या भावनांवर एक ग्रंथ लिहिला. रोग्यांच्या मनाचा अभ्यास पुष्कळ झाला, निरोगी माणसांच्या मनाचा कोणी करत नाही, ही त्याची तक्रार रास्तच होती. मानवी वर्तनाचे त्याने चार मूलभाव मानले: वर्चस्व गाजवणे, दुसऱ्याला वळवून घेणे, आपण होऊन शरण जाणे आणि परिस्थितीपुढे वाकणे. या चौकटीवरून पुढे इतरांनी रचलेल्या ‘डिस्क’ नावाच्या चाचण्या आजही कंपन्यांचे नोकरभरती विभाग वापरतात. म्हणजे लाय डिटेक्टरप्रमाणेच त्याचा हा दुसरा विचारही शेवटी मालकांच्याच कचेरीत जाऊन स्थिरावला.

या ग्रंथातून आणि पुढील लेखनातून मार्स्टनने जो सिद्धांत मांडला, तो असा. जगातील सारे दुःख पुरुषांच्या वर्चस्ववृत्तीतून निर्माण झाले आहे. स्त्रीमध्ये प्रेमाची क्षमता अधिक आहे. म्हणून प्रेमाने दुसऱ्याला आपल्या अंकित करून घेण्याची विद्या तिला साधते. मनुष्यजातीने या प्रेमळ सत्तेपुढे आनंदाने शरण जावे, म्हणजे युद्धे थांबतील. १९३७ मध्ये त्याने वृत्तपत्रांना मुलाखत देऊन येत्या काळात स्त्रियांचे राज्य येणार असे भाकीतही केले. या मांडणीत समानता हा शब्द कोठे येत नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. एकाने हुकूम करावा, दुसऱ्याने मानावा, ही रचना तशीच आहे. सिंहासन आहे, फक्त त्यावर राजाऐवजी राणी बसली आहे.

हा सिद्धांत त्याच्या स्वतःच्या घरात कसा वागत होता, ते पाहणे उद्बोधक आहे. १९२५ च्या सुमारास टफ्ट्स महाविद्यालयात शिकवत असताना ऑलिव्ह बर्न ही विद्यार्थिनी त्याच्या सहवासात आली. पुढे मार्स्टन, एलिझाबेथ आणि ऑलिव्ह हे तिघे एकाच घरात राहू लागले आणि दोघींना मिळून त्याच्यापासून चार मुले झाली. या संबंधांची चर्चा करण्यात मला स्वारस्य नाही. प्रौढ माणसांनी संमतीने घेतलेला तो निर्णय होता. मला त्या घराचा जमाखर्च महत्त्वाचा वाटतो. मार्स्टनच्या विद्यापीठातील नोकऱ्या एकामागून एक सुटत गेल्या. काही काळ त्याने चित्रपट कंपनीत काम केले, दाढीच्या पात्यांच्या जाहिरातीत तो झळकला, परंतु स्थिर उत्पन्न असे नव्हते. घर चालले ते एलिझाबेथच्या पगारावर. १९३३ पासून ती एका मोठ्या विमा कंपनीत नोकरी करत होती. तिची दोन आणि स्वतःची दोन, अशी चारही मुले सांभाळली ऑलिव्हने. एकीचा पगार आणि दुसरीचे बिनपगारी श्रम, या दोन खांबांवर ‘प्रेमळ स्त्रीसत्ते’चा सिद्धांत उभा होता आणि सिद्धांतावर सही मात्र पुरुषाची होती.

त्यातही एक विसंगती अशी की, खोटे पकडण्याचे शास्त्र ज्याने मांडले त्याच्या घराला समाजापुढे खोटे बोलावे लागले. ऑलिव्हने आपल्या मुलांसाठी एक कधीच अस्तित्वात नसलेला, मृत झालेला पती कल्पिला आणि मुलांनाही तेच सांगितले. मी याचा दोष त्या तिघांना देत नाही. कायदा आणि लोकापवाद यांचे भय असेल तर माणूस खोटे बोलतो. ते भय दूर केल्यावाचून सत्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. हे स्वतःच्या घरात पाहूनही मार्स्टनचा यंत्रावरील विश्वास ढळला नाही, एवढेच येथे नोंदवतो.

ऑलिव्हच्या घराण्याचा उल्लेख मुद्दाम करावयास हवा, कारण त्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. तिची आई एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर यांनी ऑक्टोबर १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अमेरिकेतील पहिले संततिनियमन केंद्र उघडले. पोलिसांनी ते थोड्याच दिवसांत बंद पाडले. जानेवारी १९१७ मध्ये एथेलला तुरुंगवास झाला, तेव्हा तिने उपोषण केले आणि अधिकाऱ्यांनी तिला बळाने अन्न भरवले. पुढे मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, ते याच जागतिक प्रवाहात. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्यास येऊन गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधनांविषयी दोघांचे मत जुळले नाही. अशा मावशीच्या भाचीने वंडर वूमनच्या निर्मितीत मोठा वाटा उचलला आहे. ऑलिव्ह मनगटांत जाड कंकणे घालत असे; तीच पुढे वंडर वूमनच्या हातात आली आणि बंदुकीच्या गोळ्या परतवू लागली.

चित्रकथेच्या धंद्यात मार्स्टन शिरला तोही ऑलिव्हच्या लेखणीच्या आधाराने. ऑक्टोबर १९४० मध्ये तिने एका लोकप्रिय कौटुंबिक मासिकात टोपणनावाने मार्स्टनची मुलाखत लिहिली. चित्रकथांना हसू नका, त्यांत मोठी शक्ती आहे, असा तिचा आशय होता. त्या वेळी अमेरिकेतील पालक आणि शिक्षक या पुस्तकांवर रुष्ट होते. प्रकाशक मॅक्स गेन्स याला एका मानसशास्त्रज्ञाचे प्रशस्तिपत्र हवेच होते. त्याने मार्स्टनला सल्लागार नेमले. तुमच्या साऱ्या नायकांत पुरुषी रग आहे, प्रेम नाही, असे मार्स्टनने त्याला सांगितले आणि स्त्री-नायिकेची कल्पना मांडली. १९४१ च्या अखेरीस वंडर वूमन प्रथम छापली गेली. १९४२ च्या उन्हाळ्यात तिचे स्वतंत्र पुस्तक निघाले. लेखकाचे नाव ‘चार्ल्स मोल्टन’ असे दिलेले होते. त्यातील ‘चार्ल्स’ हे प्रकाशकाच्या नावातून घेतले होते, ‘मोल्टन’ लेखकाच्या. चित्रे हॅरी पीटरची होती. हा चित्रकार तरुणपणी एका विनोदी साप्ताहिकात स्त्री-मताधिकाराच्या बाजूने चित्रे काढत असे. साखळदंडांनी जखडलेली आणि ते तोडणारी स्त्री हे त्या चळवळीच्या व्यंगचित्रांतील नेहमीचे रूपक होते. वंडर वूमनच्या पानापानावर ज्या साखळ्या दिसतात, त्यांचे एक मूळ येथे आहे.

एक मूळ येथे आहे असे म्हणतो, कारण दुसरे मूळ मार्स्टनच्या शरणागतीच्या सिद्धांतात आहे. या कथांत नायिका इतक्या वेळा बांधली जाते आणि इतरांना इतक्या वेळा बांधते की, प्रकाशकाच्याच सल्लागार मंडळावरील जोसेट फ्रँक या बालसाहित्याच्या जाणकार बाईंनी १९४३ मध्ये त्यास जोरदार हरकत घेतली. मार्स्टनने हरकत मानली नाही.

त्याचा सोनेरी दोर येथे ध्यानात घ्या. आज चित्रपट पाहणारा प्रत्येक मुलगा सांगेल की, वंडर वूमनच्या दोरात सापडलेल्याला खरे बोलावे लागते. आणि लाय डिटेक्टरच्या जनकाला हा दोर सुचला यात नवल ते काय, असेही पुष्कळ लेखांत लिहिलेले असते. परंतु १९४२ मध्ये मार्स्टनने जो दोर आपल्या नायिकेच्या हाती दिला, त्याचा गुण याहून व्यापक होता. त्यात सापडलेल्याला दोर धरणारीची प्रत्येक आज्ञा पाळावी लागे. खरे सांगणे हा त्या आज्ञापालनाचा केवळ एक भाग होता. सत्यापुरता हा दोर मर्यादित झाला तो पुष्कळ नंतरच्या लेखकांच्या हातून. मार्स्टनचा विचार त्या मूळच्या दोरात पूर्णपणे उतरला आहे. दोर धरणारी व्यक्ती सुष्ट असेल तर दोरात काही वाईट नाही, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. कथेत मात्र तो दोर दुष्टांच्या हातीही पडतो आणि तेव्हा नायिकेलाही त्यांची आज्ञा पाळावी लागते. म्हणजे त्याच्याच कथेने त्याच्या सिद्धांताला उत्तर दिले होते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विशेष वाटाव्यात अशा दोन कथा १९४२ च्या उन्हाळ्यात पाठोपाठ आल्या. पहिलीत एक दूध कंपनी भाव एवढे चढवते की गरिबांची मुले कुपोषित होतात. वंडर वूमन त्याचा छडा लावते आणि लोकांना घेऊन रस्त्यावर उतरते. दुसरीत एका मोठ्या दुकानातील विक्रेत्या मुलींना आठवड्याला अवघे ११ डॉलर मिळतात आणि त्या संप करतात. वंडर वूमन त्यांच्या बाजूने उभी राहते. दुकानाच्या श्रीमंत मालकिणीला ती दोरात बांधून आपल्याच दुकानात खोट्या नावाने विक्रेती म्हणून राबायला लावते. तो अनुभव घेतल्यावर मालकीण शहाणी होते आणि मुलींचे पगार दुप्पट करते. दुधाचा भाव आणि दुकानातील मुलीचा पगार, हे विषय दहा सेंटच्या पुस्तकात मुलांपुढे ठेवणारा लेखक सामान्य नव्हे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

तथापि या कथांची उत्तरे तपासून पाहा. दुधाच्या भाववाढीमागे शेवटी निघते ती जर्मन हेर बाई. मक्तेदार कंपनी नफ्यासाठी नेहमीच भाव चढवते, तिला हेर लागत नाही, हे कथेत येत नाही. दुकानाच्या कथेत मजुरी वाढते ती मालकिणीचे हृदय पालटल्यामुळे. संप कथेच्या प्रारंभी आहे. परंतु शेवटी पगार ठरवण्याचा अधिकार जिच्याकडे होता तिच्याकडेच राहतो. उद्या तिने दुकान विकले तर नव्या मालकाला पुन्हा दोर बांधावा लागेल. संघटना आणि करार यांची जागा येथे एका थोर व्यक्तीने घेतली आहे. मार्स्टनचा मानसशास्त्रज्ञ येथे त्याच्यातील सुधारकाच्या आड आला, असे मला वाटते.

हाच नियम ज्या कचेरीतून या कथा निघत, तिलाही लागू होता. सुपरमॅनच्या दोन तरुण निर्मात्यांनी १९३८ मध्ये आपल्या नायकाचे सर्व हक्क १३० डॉलरला विकले होते, ही त्या धंद्याची रीत होती. वंडर वूमनचा व्याप वाढल्यावर मार्स्टनने १९४४ मध्ये जॉय हमेल या आपल्या विद्यार्थिनीला मदतीला घेतले. त्याच वर्षी त्याला पोलिओ झाला आणि तो अधू झाला. पुढील काळात कित्येक कथा हमेलने लिहिल्या. छापल्या मात्र ‘चार्ल्स मोल्टन’च्या नावावर. वाचकांना तिचे नाव कळायला पुढे अनेक दशके जावी लागली. २०२१ मध्ये ती वारली. एलिझाबेथ, ऑलिव्ह आणि हमेल या तीन स्त्रियांच्या श्रमांवाचून ही स्त्रीमुक्तीची देवता उभी राहिली नसती आणि तिघींपैकी एकीचेही नाव मुखपृष्ठावर आले नाही.

२ मे १९४७ रोजी कर्करोगाने मार्स्टनचे निधन झाले. त्या वेळी तो ५३ वर्षांचा होता. वंडर वूमनचे संपादन आपल्याकडे द्यावे, असे एलिझाबेथने कंपनीला सुचवून पाहिले. ते काम एका पुरुष लेखकाकडे गेले. या बदलाची पार्श्वभूमी आपण विसरता कामा नये. महायुद्धात अमेरिकेच्या एकूण श्रमिकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवरून सुमारे ३७ टक्क्यांवर गेले होते. सैनिक परतल्यावर लाखो स्त्रियांना कारखान्यांतून घरी पाठवण्यात आले आणि त्यांची नायिकाही त्यांच्याबरोबर घरी परतली. प्रारंभी या पुस्तकात फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सुरू झालेली थोर स्त्रियांच्या चरित्रांची एक मालिका येत असे. ती बंद झाली आणि त्या जागी देशोदेशींच्या विवाहपद्धतींची सदरे येऊ लागली. १९६० चे दशक संपता संपता तर वंडर वूमनची शक्तीच काढून घेण्यात आली आणि ती कपड्यांचे दुकान चालवू लागली. नायिका तीच होती. परंतु तिचा मालक प्रकाशक होता आणि त्याला बाजाराचा वारा कळत होता.

१९७२ च्या जुलैत ग्लोरिया स्टायनेम आणि तिच्या सहकाऱ्यांनी ‘मिझ’ या स्त्रीवादी मासिकाच्या मुखपृष्ठावर वंडर वूमनला राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवार म्हणून उभे केले. त्याच वर्षी सॅम्युएल डिलेनी या कृष्णवर्णीय लेखकाने तिची जी कथा लिहिली, ती १९४२ च्या कथेशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे. पुन्हा एक मोठे दुकान, पुन्हा अल्प वेतनावर राबणाऱ्या मुली. नायिका मालकाचा पराभव करते आणि दुकान बंद पडते. कथा संपते ती नोकऱ्या गेलेल्या मुली संतापून तिच्या दारात येतात तेव्हा. तीस वर्षांपूर्वी जे मालकिणीच्या हृदयपालटाने सुटले होते, ते आता मालकाच्या पराभवानेही सुटत नाही. कारण त्या मुलींच्या पोटापाण्याची व्यवस्था कोणी ठरवायची, हा प्रश्न तसाच उरला आहे. डिलेनीला पुढे हा धागा नेता आला नाही. कंपनीने नायिकेची जुनी शक्ती आणि जुना पोशाख परत आणला.

अलीकडचा एक प्रसंग सांगतो. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने वंडर वूमनला स्त्रियांच्या सबलीकरणाची मानद राजदूत म्हणून नेमले. हयात असलेल्या कर्तबगार स्त्रियांची जगात वाण नसताना कंपनीच्या मालकीची एक तोकड्या वेषातील काल्पनिक बाई का, असा सवाल संघाच्याच स्त्री-कर्मचाऱ्यांनी केला, निषेधाच्या अर्जावर हजारोंनी सह्या केल्या आणि डिसेंबरात ती नेमणूक संपुष्टात आली. पुढल्याच वर्षी तिच्यावरील चित्रपटाने जगभर ८० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. दोन्ही घटना एकाच वेळी खऱ्या आहेत. त्या चित्रपटाने असंख्य मुलींना बळ दिले, हे मी नाकारत नाही. त्याचबरोबर सह्या करणाऱ्या त्या स्त्रियांनी विचारलेला प्रश्नही मला मार्स्टनच्या साऱ्या तत्त्वज्ञानापेक्षा अधिक मोलाचा वाटतो. त्यांनी कोणाच्या हाती दोर मागितला नाही. आपल्या वतीने कोणी बोलायचे ते आम्हांला विचारून ठरवा, एवढेच त्या म्हणाल्या.

मार्स्टनचे मूल्यमापन करताना कृपणता करू नये. ज्या काळात काही विद्यापीठे स्त्रीला वर्गात घेत नव्हती, त्या काळात स्त्रीला दुबळी ठरवणाऱ्या शास्त्राला त्याने आव्हान दिले. विद्वानांनी तुच्छ लेखलेल्या माध्यमात तो संकोच न बाळगता उतरला आणि लाखो मुलामुलींना त्याने सांगितले की, मुलगी बलवान असू शकते, न्यायी असू शकते, संपकऱ्यांच्या बाजूने उभी राहू शकते. आपल्याकडील विचारवंतांनी यातून धडा घ्यावा असे पुष्कळ आहे. परंतु मुक्ती ही भावनेची बाब आहे, चांगल्या माणसाच्या हाती सत्ता दिली की ती आपोआप येते, हा त्याचा समज आपण स्वीकारू शकत नाही. त्याच्याच घरातील पगार कोणाचा होता, मुले कोणी सांभाळली, कथा कोणी लिहिल्या आणि हक्क कोणाच्या कपाटात राहिले, या प्रश्नांची उत्तरे त्याच्या मानसशास्त्रात नव्हती. ती हिशेबाच्या वहीत होती.

तेव्हा तरुण मित्रांना माझी एकच विनंती आहे. स्त्रीमुक्तीचा, श्रमिकमुक्तीचा कोणताही कार्यक्रम आपल्यापुढे आला, मग तो आपल्या स्वतःच्या संघटनेचा का असेना, तर त्याची घोषणा ऐकून थांबू नका. सभेची पत्रके कोणी लिहिली, सभेनंतर भांडी कोणी घासली, निर्णयाच्या बैठकीत कोण बसले आणि ठरावावर कोणाची नावे आली, हे शांतपणे विचारा. उत्तर अडचणीचे आले तर ते सर्वांसमोर मांडा. ते मांडणाऱ्याला आपल्या संघटनेत भय वाटू नये, याची व्यवस्था करणे हे आपल्या सर्वांचे काम आहे.